विशेष शाळेची इमारत मिनिटांत मोजावी लागते

एक हिशोब मांडू. इंग्लंडमधल्या, अपंग मुलांसाठीच्या एका विशेष शाळेतला वर्ग घ्या. वर्गात आठ मुले आहेत. त्यांतली पाच व्हीलचेअरवर आहेत आणि त्यांचे डायपर-कपडे मोठ्यांनाच बदलावे लागतात. मुलाला खुर्चीतच झोळी अडकवायची, छतातल्या रुळावर सरकणाऱ्या होइस्टने, म्हणजे माणूस उचलणाऱ्या यंत्राने, उचलायचे, पलंगावर ठेवायचे, स्वच्छ करायचे, पुन्हा उचलून खुर्चीत बसवायचे, पट्टे लावायचे आणि पुढच्यासाठी पलंग पुसून ठेवायचा. घाई केली नाही तर यात वीस मिनिटे सहज जातात. हे दिवसातून तीनदा करायचे. पाच मुले, तीन खेपा, वीस मिनिटे, म्हणजे तीनशे मिनिटे. पाच तास. शाळा भरते साधारण साडेसहा तास, आणि या कामाला प्रत्येक वेळी दोन माणसे लागतात.

म्हणजे अशा वर्गाला एक स्वच्छता खोली जेमतेम पुरते. आराखड्यात मात्र बहुतेक वेळा दोन वर्गांमध्ये मिळून एक खोली दाखवलेली असते. मग दहा तासांचे काम साडेसहा तासांत बसवायचे कसे? त्याचे उत्तर शेवटी मुलेच देतात, ओल्या कपड्यांत वाट पाहत. खोली वर्गाला लागून नसून बोळाच्या टोकाला असेल, तर जाण्यायेण्यात दर खेपेला चार मिनिटे आणखी जातात. पंधरा खेपांचा एक तास झाला, आणि तो दोन शिक्षक-सहायकांच्या शिकवण्याच्या वेळेतून गेला.

नकाशावर ही चूक दिसत नाही, कारण नकाशावर चौरस मीटर असतात, मिनिटे नसतात. विशेष शाळांच्या बांधकामात जे काही बिघडते, त्यातले बरेचसे इथूनच सुरू होते.

आधी थोडी पार्श्वभूमी

हा लेख इंग्लंडमधल्या विशेष शाळांबद्दल आहे. तिथे या विषयाचे नियम सविस्तर लिहिलेले आहेत, आणि अडचणीही चांगल्याच उघड झाल्या आहेत. ‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग तिथे रुळला तो १९७८ च्या वॉर्नॉक समितीच्या अहवालानंतर. त्याआधी मुलांना त्यांच्या अपंगत्वाच्या नावाने वर्गात घातले जाई. त्यानंतर मुलाला शिकण्यासाठी काय लागते, यावरून विचार सुरू झाला. २०१४ च्या ‘चिल्ड्रन अँड फॅमिलीज’ कायद्याने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांची एकत्र योजना आणली. ती २५ वर्षे वयापर्यंत चालू राहू शकते. २०१५ च्या सुरुवातीला अशी योजना किंवा तिच्या आधीचे प्रमाणपत्र असलेली मुले सुमारे २ लाख ४० हजार होती. २०२४ च्या सुरुवातीला ती संख्या सुमारे ५ लाख ७६ हजार झाली. जागा कमी पडल्या, म्हणून घाईने नव्या शाळा आणि जुन्या शाळांना वाढीव खोल्या बांधणे सुरू झाले. घाई आणि विशेष शाळा यांचे एकमेकांशी जमत नाही.

क्षेत्रफळाचा आधार म्हणून २०१५ ची ‘बिल्डिंग बुलेटिन १०४’ ही सरकारी पुस्तिका वापरतात. किती मुले, त्यांच्या गरजा कोणत्या, ती चालती आहेत की व्हीलचेअरवर, यावरून एकूण किती जागा लागेल ते तिच्यातून काढता येते. पुस्तिका उपयोगी आहे. गैरसमज तिच्या वापरात होतो. बेरीज जुळली की शाळा जुळली, असे धरले जाते. खोल्या सगळ्या आहेत, पण कोणती कोणाशेजारी, आणि दहा वाजता तिथे कोण असेल, हे कुणी विचारलेलेच नसते.

शिवाय ‘विशेष शाळा’ हा एकच प्रकार नाही. ऑटिझम असलेल्या, धावत्यापळत्या चाळीस मुलांची शाळा आणि बहुविकलांग मुलांची शाळा, या दोन इमारतींमध्ये सारखे फार थोडे असते. पहिलीत मजबूत भिंती, शांत कोपरे आणि अंगण महत्त्वाचे. दुसरीत होइस्ट, साठवण आणि रुंद दारे.

सकाळचा अर्धा तास

विशेष शाळेची परीक्षा फाटकावर सुरू होते. नेहमीच्या शाळेत मुले चालत येतात, पालक सोडून जातात. इथे बहुतेक मुले लांबून, स्थानिक प्रशासनाने ठरवलेल्या टॅक्सीने किंवा मिनीबसने येतात.

समजा १२० मुले आहेत आणि त्यांतली ४० व्हीलचेअरवर. एका मिनीबसमध्ये तीन खुर्च्या बसल्या तर चौदा बस झाल्या. मागची लिफ्ट खाली घेणे, खुर्चीचे जमिनीला बांधलेले पट्टे सोडणे, मुलाला उतरवणे, लिफ्ट परत वर नेणे, याला खुर्चीमागे पाच मिनिटे धरा. एक बस पंधरा मिनिटे उभी राहणार. अर्ध्या तासात एका जागेवर दोनच बस मोकळ्या होतात, म्हणजे लिफ्टवाल्या बससाठी सात जागा हव्यात. त्यांच्या मागे लिफ्टची फळी उघडून खुर्ची वळवता येईल अशी सुमारे तीन मीटर मोकळी जागा वेगळी. उरलेली ८० मुले चार-चार करून वीस गाड्यांतून येतात. त्यांना प्रत्येकी पाच मिनिटे धरली तर आणखी चार जागा.

अकरा जागा म्हणजे फार वाटत नाही. खरी गंमत दुपारी असते. सकाळी गाड्या टप्प्याटप्प्याने येतात. सुटण्याच्या वेळी मात्र चौतीसच्या चौतीस गाड्या दहा मिनिटे आधी येऊन थांबतात. बसला मागच्या जागेसह दहा मीटर आणि टॅक्सीला पाच मीटर धरले, तर ही रांग २४० मीटर होते. ती फाटकाच्या आत मावली नाही तर रस्त्यावर जाते. शेजारी तक्रार करतात आणि बांधकामाची परवानगी अडते.

उपाय ठाऊक असलेले आहेत. एकाच दिशेने फिरणारा रस्ता, जेणेकरून कोणत्याही गाडीला मागे घ्यावे लागू नये. उतरण्याच्या जागेवर छप्पर, कारण व्हीलचेअरवरच्या मुलाला हातात छत्री धरता येत नाही. आणि एकाऐवजी दोन-तीन प्रवेशदारे. शंभर मुलांच्या गोंगाटातून आत शिरलेल्या ऑटिस्टिक मुलाचा पहिला तास फक्त शांत होण्यात जातो. तेच मूल थेट आपल्या वर्गाजवळच्या दाराने आत आले, तर दिवस सुरळीत सुरू होतो.

चढउतार असेल तर उतरणीचे गणितही रांगेच्या आधी करावे. इंग्लंडच्या नियमांत रॅम्पची लांबी आणि उतार एकमेकांना बांधलेले आहेत: दहा मीटर लांबीला १:२० (वीस मीटरला एक मीटर चढ), पाच मीटरला १:१५, आणि १:१२ फक्त दोन मीटरपर्यंत. विजेची खुर्ची आणि मूल मिळून दीडशे-दोनशे किलो वजन होते. ते हाताने ढकलायची वेळ आली, की हे आकडे उदार वाटू लागत नाहीत.

स्वच्छता खोली, जवळून

मदतीची गरज असलेल्या मोठ्या मुलांसाठी आणि प्रौढांसाठी सार्वजनिक इमारतींत ‘चेंजिंग प्लेसेस’ नावाची जी खोली बांधतात, तिचे किमान माप ३ मीटर बाय ४ मीटर आहे आणि छत किमान २.४ मीटर उंच. शाळेतही बारा चौरस मीटर हा आकडा डोक्यात ठेवून सुरुवात करावी. आत उंची कमीजास्त होणारा, मोठे माणूस झोपू शकेल असा सुमारे १.८ मीटर लांबीचा पलंग, दोन्ही बाजूंनी जागा सोडलेले कमोड, वॉशबेसिन, छतातला होइस्ट, आणि व्हीलचेअर गोल फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जमीन लागते. पलंग भिंतीला चिकटवला की एकच माणूस काम करू शकतो आणि दुसऱ्याला मुलावरून ओणवे व्हावे लागते. कर्मचाऱ्यांच्या पाठदुखीचे एक कारण तिथे असते.

होइस्टचा रूळ दोन प्रकारचा. एक सरळ, रेल्वेच्या रुळासारखा. तो फक्त त्या रेषेवर उचलतो आणि त्याच रेषेवर उतरवतो. खुर्ची हातभर बाजूला असेल, तर मूल झोक्यासारखे हलते. दुसरा प्रकार म्हणजे खोलीच्या दोन बाजूंना दोन समांतर रूळ आणि त्यांच्यावर सरकणारी आडवी तुळई. तो खोलीत कुठेही पोहोचतो. दुसराच घ्यावा. पहिल्या प्रकारात वाचलेले पैसे पलंगाची जागा पहिल्यांदा बदलताच बुडतात.

पण दुसऱ्या प्रकाराने छताचा ताबा घेतलेला असतो, आणि नेमके हेच कुणाच्या लक्षात येत नाही. दिव्याचा नकाशा विजेवाल्याने काढलेला असतो, हवेच्या जाळीचा दुसऱ्याने, धूर ओळखणाऱ्या यंत्राचा तिसऱ्याने, होइस्टचा पुरवठादाराने. चारही नकाशे आपापल्या जागी बरोबर असतात. बसवताना कळते की छताखाली सहा सेंटिमीटर लोंबणारा दिवा तुळईच्या वाटेत आहे. मग तुळई अर्ध्यात अडवणारी खुंटी ठोकतात आणि अर्धी खोली होइस्टच्या हाताबाहेर जाते. यावर इलाज एकच: अशा प्रत्येक खोलीच्या छताचा सगळ्यांचा मिळून एक नकाशा. आणि तोही सांगाडा ठरण्याआधी, कारण रुळाचे वजन छताच्या टाइलवर नव्हे, वरच्या तुळयांवर येते. कारखान्यात तयार होणाऱ्या हलक्या इमारतीत हे नंतर सुचले तर छत उघडण्याशिवाय मार्ग नसतो.

रूळ वर्गातून थेट स्वच्छता खोलीत न्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात दाराच्या माथ्यावर रुळासाठी खाच ठेवावी लागते, आणि तिथून आवाज, वास, आगीच्या वेळी धूर, सगळे येते-जाते. दोन खोल्यांत दोन वेगळे होइस्ट ठेवून मधले अंतर खुर्चीने जाणे बरे.

गरम पाण्याची गोष्टही इथेच सांगावी लागेल. न्यूमोनिया घडवणारे लेजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून टाकीतले पाणी ६० अंश सेल्सिअसला ठेवतात. पण ज्या मुलाला चटका बसल्याचे सांगता येत नाही, त्याच्या हातावर ४१ अंशांच्या वर पाणी येता कामा नये. म्हणून थंड-गरम मिसळणारी झडप लागते, आणि ती नळाच्या अगदी जवळ लागते. लांब बसवली तर झडपेपासून नळापर्यंतच्या पाइपात कोमट पाणी साचून राहते. जिवाणूला हवे असते ते हेच.

बाकी बारीकसारीक: प्रत्येक मुलाच्या नावाचा सामानाचा डबा हाताशी राहील असे फडताळ, झाकणाच्या बादलीची ठरलेली जागा, वर्गापेक्षा जरा जास्त ऊब, कारण मूल उघडे असते. आणि मदतीची लाल दोरी जमिनीपर्यंत लोंबती. फरशी पुसताना आड येते म्हणून ती गुंडाळून वर बांधलेली अनेक ठिकाणी दिसते. पडलेल्या माणसाचा हात तिथे पोहोचत नाही.

घुमणारी खोली

बोललेला शब्द थांबला तरी खोलीत थोडा वेळ रेंगाळतो. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. नव्या प्राथमिक वर्गासाठी इंग्लंडच्या ‘बिल्डिंग बुलेटिन ९३’ या शाळांतल्या आवाजाबद्दलच्या सरकारी पुस्तिकेत तो ०.६ सेकंदापर्यंत चालतो. ज्यांना ऐकण्याची किंवा संवादाची विशेष अडचण आहे अशा मुलांच्या वर्गासाठी मर्यादा ०.४ सेकंद आहे, आणि बाहेरचा-पंख्याचा मिळून स्थिर आवाज ३५ ऐवजी ३० डेसिबल.

दशांशाने काय फरक पडतो? श्रवणयंत्र शिक्षकाचा आवाज मोठा करते, तसा भिंतीवरून परतलेलाही मोठा करते. मेंदूला दोन्ही वेगळे करता आले नाहीत तर शब्द चिखलासारखा होतो. ऑटिझम असलेल्या मुलाला तर पंख्याची घरघर आणि शिक्षकाचे बोलणे सारख्याच जोराने ऐकू येऊ शकते.

या नियमात एक मेख आहे. ०.४ ही सरासरी १२५ ते ४००० हर्ट्झपर्यंत पाळायची असते, आणि १२५ हर्ट्झ म्हणजे खालचा, जाड आवाज. छताच्या पातळ टाइल वरचे स्वर छान पितात, पण खालच्या स्वरांना दाद देत नाहीत. त्यासाठी जाड थर, मागे मोकळी हवेची पोकळी, आणि भिंतींवरही पॅनेल लागतात. मग दुसरी भांडणे सुरू होतात. मुलांच्या हाताला येणारे पॅनेल कुरतडले जातात म्हणून ती दोन मीटरच्या वर लावतात. खालच्या समोरासमोरच्या कडक भिंतींत आवाज चेंडूसारखा उडत राहतो. तिथे एका बाजूला भरलेले पुस्तकांचे फडताळ ठेवले तरी बराच फरक पडतो. संसर्गाच्या भीतीने पुसता येणाऱ्या गुळगुळीत टाइल निवडल्या, तर त्या आवाज शोषतात का हे तपासून घ्यावे. पुष्कळशा शोषत नाहीत.

हवेचा प्रश्नही आवाजाला बांधलेला आहे. खिडकी उघडली तर रस्ता आत येतो, बंद ठेवली तर कार्बन डायऑक्साइड चढतो. यांत्रिक वायुवीजन असलेल्या वर्गात दिवसाची सरासरी १००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भागांच्या) खाली ठेवायची असते. यंत्र त्यासाठी जोरात चालवले की ३० डेसिबल मोडतात. म्हणून मोजमाप यंत्र पूर्ण जोरात असताना घ्यावे. ते बंद ठेवून घेतलेले प्रमाणपत्र कामाचे नाही. आणि स्वच्छतागृहात हात सुकवणारी झोताची यंत्रे लावूच नयेत. एका यंत्राच्या भीतीने मुले दिवसभर लघवी धरून बसतात. कागदी रुमाल पुरतात.

उजेड आणि रंग

जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. ते डोळ्याला दिसत नाही, पण काही मुलांना जाणवते. एलईडी लावल्या म्हणजे सुटलो असे नाही. स्वस्त दिवा मंद केला की तोही चालू-बंद होऊनच मंद होतो. लुकलुक नसलेला ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) मागावा आणि मंद करून तपासावा. अपस्माराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची लुकलुक सेकंदाला ३ ते ३० वेळा असते. त्यामुळे आगीच्या इशाऱ्याचे चमकते दिवे निवडतानाही परिचारिकेला विचारावे.

हालचालीवर चालणारे आपोआप दिवे हा विजेच्या बचतीचा आवडता उपाय. बहुविकलांग मुलांच्या वर्गात मुले पंधरा मिनिटे न हलता पडून असू शकतात. दिवा समजतो खोली रिकामी आहे, आणि भर दुपारी अंधार होतो. अशा खोल्यांत साधे बटण द्यावे.

रंगांबद्दल लोकांना फार उत्साह असतो. मुलांची शाळा म्हणजे लाल-पिवळे-निळे! इथे तो आवरावा. भिंती शांत असाव्यात आणि रंग कामाला लावावा: दार भिंतीहून, भिंत जमिनीहून, कमोड फरशीहून उजेड परतवण्याच्या ० ते १०० च्या मापात किमान ३० अंकांनी वेगळे, म्हणजे कमी दिसणाऱ्याला कडा सापडते. जमिनीवर नक्षी नको, काळा पट्टा काही मुलांना पायरी किंवा खड्डा वाटतो. चकचकीत फरशी पाण्यासारखी दिसते.

ग्लासगोमधील हेझलवुड शाळेत (२००७) हाच विचार भिंतीपर्यंत नेला आहे. दृष्टी आणि श्रवण दोन्हींची अडचण असलेल्या मुलांसाठी वास्तुरचनाकार अ‍ॅलन डनलॉप यांनी बोळाच्या बाजूने बुचाच्या सालीची वळणदार भिंत केली. मूल तिला हात लावत वाट शोधते, आणि तिच्या पोटात साठवणीची जागा आहे. शोभा, दिशा आणि कपाट तिन्ही एकाच गोष्टीत.

मूल बिथरते तेव्हा

वर्गाला दोन दारे हवीत. बिथरलेल्या मुलाला बाकीच्यांच्या मधून ओढत न्यावे लागले की प्रसंग चिघळतो. आणि एकच दार असलेल्या खोलीत मोठ्यांनाही कोपऱ्यात सापडल्यासारखे वाटते, ते चुकीचे वागतात. दुसरे दार शक्यतो थेट अंगणात उघडावे.

शांत होण्याच्या जागा तीन पायऱ्यांच्या असाव्यात: वर्गातच एक आडोशाचा कोपरा, वर्गाला लागून छोटी खोली, आणि बाहेरची हवा. छोटी खोली बोळाच्या पलीकडे ठेवली तर तिचे शिक्षेच्या खोलीत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. तिला कुलूप नसावे, हे रचनेतच पक्के करावे. आत लपून राहता येईल असा न दिसणारा कोपरा नको, दिव्याचे बटण बाहेर, छताला निघणाऱ्या टाइल नकोत, भिंतीच्या प्लास्टरबोर्डमागे प्लायवूडचा थर. थर आधी घातला तर स्वस्त. भोक पडल्यावर दर महिन्याला बुजवणे महाग.

पळून जाणाऱ्या मुलांसाठी दारांना विजेची कुलुपे लावतात, ती आगीच्या वेळी आपोआप सुटतात. शेजारी हिरवी आणीबाणीची डबी असते. ती दाबली की दार उघडते, हे चलाख मूल तीन दिवसांत शिकते. डबीवर उचलताच किंचाळणारे पारदर्शक झाकण बसवले, तर दार उघडण्याआधी कुणीतरी वळून पाहते. पैसे थोडे लागतात, पण हे झाकण मागायचे बहुतेक जण विसरतात.

साठवण

एका मुलामागे खुर्ची, उभे राहायची चौकट, चालायची चौकट, कुशीवर झोपवायचे आसन. आठ मुलांच्या वर्गात एका वेळी वीसेक मोठ्या वस्तू असतात आणि त्यांतल्या निम्म्या वापरात नसतात. कपाटे कमी पडली की वस्तू बोळात येतात. दोन व्हीलचेअर एकमेकांना ओलांडतील असा १.८ मीटरचा बोळ मग एका खुर्चीचा उरतो. विजेच्या खुर्च्या चार्ज करण्याची जागाही हवा खेळती असलेली आणि सुटकेच्या वाटेपासून बाजूला लागते.

कागदापासून किल्लीपर्यंत

वरचे जवळपास सगळे तज्ज्ञांना ठाऊक असते. तरी शाळा चुकतात, कारण ठाऊक असलेले वाटेत गळते.

पहिली गळती विचारण्यात. मुख्याध्यापकांना नकाशा दाखवला, त्यांनी मान डोलावली, सल्लामसलत झाली. नकाशा वाचता येणे हे वेगळे कौशल्य आहे, ते सगळ्यांना असेलच असे नाही. त्याऐवजी सभागृहाच्या जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने खोली खऱ्या मापात आखावी. खरी खुर्ची, खरा फिरता होइस्ट, दोन सहायक आणि एक पलंग आणून डायपर बदलण्याची पूर्ण खेप करून पाहावी. अर्ध्या तासात दहा सभांइतके कळते. बोलवायचे ते शिक्षक-सहायक, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारतज्ज्ञ, परिचारिका, सफाईवाले, बसमधले मदतनीस. आणि मुले. जी बोलत नाहीत त्यांचे मत ती कुठे थांबतात, कुठून पळतात, कान कुठे झाकतात, यातून दिसते. जुन्या शाळेत दोन दिवस घड्याळ घेऊन बसले की ते नोंदवता येते. नव्याच शाळेला तर आराखडा ठरताना मुख्याध्यापकही नेमलेले नसतात. तेव्हा तशाच मुलांची शाळा चालवणारा एखादा अनुभवी माणूस ठरवून पगारी घ्यावा.

दुसरी गळती काटकसरीत. खर्च वाढला की कात्री लागते ती न दिसणाऱ्या गोष्टींना: भिंतीतले प्लायवूड, आवाज पिणारी पॅनेल, कपाटे, छतातल्या जादा तुळया. प्रवेशदाराची काच शाबूत राहते. यावर साधा उपाय असा की सुरुवातीलाच ‘हात लावायचा नाही’ अशी दहा-बारा गोष्टींची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे कारण लिहावे, शक्यतो मिनिटांत. ‘ही खोली काढल्यास रोज एका वर्गाचे तीन तास जातील’ असे लिहिलेले असले की खोडणारा थबकतो.

तिसरी गळती भविष्याची. आज चालत्या मुलांसाठी बांधलेल्या शाळेत पाच-सात वर्षांनी व्हीलचेअरवरची मुले येतात. सगळीकडे आजच होइस्ट लावणे परवडत नाही, पण निम्म्या वर्गांच्या छतात रुळाचे वजन पेलणारा आधार घालून ठेवता येतो. वर्गालगतच्या कोठाराच्या जमिनीखाली सांडपाण्याचा पाइप आणून बंद करून ठेवला, तर ते कोठार उद्या सुट्टीत स्वच्छता खोली होऊ शकते. नंतर फरशी फोडण्यापुढे हा खर्च किरकोळ आहे.

उपचारासाठीचा गरम पाण्याचा तलाव मागताना मात्र जरा थांबावे. पाणी ३३ ते ३६ अंशांवर ठेवावे लागते. इतक्या उबेत क्लोरीन लवकर संपते, दिवसातून अनेकदा पाणी तपासावे लागते, आणि दमट हवा शेजारच्या खोल्यांच्या छतात शिरते. होइस्ट असलेल्या कपडे बदलायच्या खोल्या तलावाइतकीच जागा खातात. आठवड्यात किती तास प्रशिक्षित माणसे पाण्याकाठी उभी राहणार, हा आकडा आधी लिहून घ्यावा. तो पाच-सहा तासांच्या पुढे जात नसेल, तर जवळपासच्या तलावाशी करार करणे शहाणपणाचे.

बांधकाम सुरू झाले की एक वर्ग आणि त्याची स्वच्छता खोली आधी पूर्ण करून घ्यावी, रंगापासून नळापर्यंत. कर्मचाऱ्यांनी तिथे एक दिवस घालवावा. बटण दाराआड गेले, पलंगाची तार आखूड पडली, कमोडच्या बाजूचा दांडा चुकीच्या हाताला आला, या गोष्टी एकदा दुरुस्त कराव्या लागतात. नाहीतर प्रत्येक वर्गात पुन्हा.

चालू शाळेत बांधकाम असेल तर ठेकेदाराच्या करारात आवाजाच्या वेळा लिहाव्यात: गाड्यांच्या वेळी ट्रक नाहीत, ठरलेल्या तासांत ड्रिल नाही. रोजची वाट बदलणार असेल तर मुलांना आठवडाभर आधी फोटो दाखवावेत.

ताबा घेताना आवाज, हवा, पाण्याचे तापमान आणि होइस्ट यांची प्रत्यक्ष मोजणी व्हावी, दाखल्यावर भागवू नये. त्यानंतर किमान दोन-तीन आठवडे इमारत फक्त कर्मचाऱ्यांची असावी. मुलांना फोटोंची छोटी वही घरी द्यावी: हे फाटक, हा हुक, इथे जेवण. मग छोट्या गटांनी भेटी, आधी अर्धा तास, मग अर्धा दिवस. काम लांबले तर सत्राच्या मध्येच स्थलांतर करण्याचा मोह होतो. त्यापेक्षा जुनी जागा एक सत्र जास्त राखून ठेवण्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी.

शेवटी किल्ल्यांबरोबर एक वेळापत्रक हाती यायला हवे, आणि त्यात प्रत्येक कामापुढे माणसाचे पद. इंग्लंडच्या १९९८ च्या नियमांप्रमाणे माणसे उचलणाऱ्या होइस्टची दर सहा महिन्यांनी कसून तपासणी करावी लागते, आणि झोळ्यांचीही. तेवढा वेळ खोली बंद राहते. पहिली तारीख सुट्टीत पडेल अशी ठेकेदाराकडूनच लावून घ्यावी, म्हणजे पुढची भर सत्रात एखाद्या मंगळवारी सकाळी दहाला येणार नाही.